मेमरीची वाटणी

१० नोव्हेंबर, सोमवार
नऊ वर्षं! चाकणच्या प्लांटमधल्या डेटाबेसची मेमरी नऊ वर्षं मी हाताने वाटली — लेबल छपाईला इतकी, रिपोर्टला इतकी. आज नव्या सुजितने ऑटोमॅटिक चालू केलं आणि प्लांटच्या यशवंतरावसाहेबांसमोर म्हणाला, "आता सिस्टिम स्वतःच वाटून घेईल. त्यासाठी माणूस बसवायची गरज नाही." माणूस म्हणजे मी! मला गेटपासच्या टेबलावर टाकलं. हिंजवडीच्या आयटी कंपनीतून आलेलं कालचं पोर! थांब म्हणावं, दाखवते.

११ नोव्हेंबर
गेटपास. दिवसभर गेटपास.

१२ नोव्हेंबर, बुधवार
डबा खाताना एकदम लक्षात आलं आणि हसूच फुटलं. उद्या गुरुवार — आमची एमआयडीसीची सुट्टी! त्याच्या डोक्यात अजून रविवारच. उद्या लेबलं बंद, नुसते रिपोर्ट चालणार. सिस्टिम बघणार कोण मागतंय, आणि सगळी मेमरी रिपोर्टला देऊन बसणार. शुक्रवारी सकाळी सातला पहिली शिफ्ट धडाधड लेबलं मागेल, आणि त्या गर्दीत सिस्टिमला वाटणी फिरवता येणार नाही. लेबलांसाठी कमीत कमी इतकी राखून ठेव, एवढा एक आकडा भरला की झालं. दोन मिनिटांचं काम. सांगणार नाही. मेले तरी नाही!

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आकुर्डीत घरीच. माझं लॉगिन काढायला विसरलेत. संध्याकाळी लॅपटॉपवरून सिस्टिममध्ये शिरून पाहिलं — अगदी म्हटलं तस्संच! रिपोर्टने सगळं गिळलंय. पाहिलं, बाहेर पडले, आमटीला फोडणी दिली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
वाजले बारा! सात दहाला डिस्पॅचचा समाधान धावत आला, "ताई, लेबलच निघंना! समद्या गाड्या हुभ्या हायेत!" लेबलाशिवाय माल गेटबाहेर जात नाही. मी आधी चहा संपवला. अकरापर्यंत सगळं ठप्प. साहेबांनी सुजितला सगळ्यांदेखत झाप झाप झापलं. तो खाली मान घालून म्हणाला, "मॅडमना विचारायला हवं होतं. चूक माझीच." भोग आता! इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! मग साहेब स्वतः माझ्याकडे आले. मी तो आकडा भरला. सोमवारपासून माझी खुर्ची मला परत.

१५ नोव्हेंबर
सुजितला काढलं. जाताना एक कागद माझ्या हातात दिला, सिस्टिममधली लॉगिनची नोंद — गुरुवार, सहा चाळीस, माझं नाव, काय पाहिलं, कधी बाहेर पडले. म्हणाला, "साहेबांना दाखवला नाही, मॅडम. तुम्हाला घरसंसार आहे."