दोरीवरची वजडी

तीर्थरूप मालनआत्यास,

भोईवाड्याहून तुझ्या हितेंद्रचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातल्या मनात. कंबर धरली आहे, का ते खाली येईलच.) तुझा गुडघा काय म्हणतो? कुडाळची हवा मानवली का? फोनच करणार होतो, पण फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो की खाली वॉचमनला सगळं कळतं. जे घडलं ते वॉचमनला कळण्यासारखं नाही, म्हणून पत्र.

तर आपल्या आकांक्षाचं लग्न जमतंय. म्हणजे जमवलं तिनेच, आपण फक्त चहा द्यायचा. मुलगा सिद्धांत, फणसवाडीतल्या जुन्या पाठारे प्रभूंच्या घरचा. त्या घरात शब्द चालतो तो त्याच्या आजोबांचा, त्यांना सगळे अण्णा म्हणतात. अण्णांनी हो म्हटलं तर लग्न, नाही म्हटलं तर आकांक्षाचं रडणं, आणि ती रडायला लागली की आवरत नाही हे तू तिच्या बारशापासून जाणतेस. तिने आम्हाला आठवडाभर बजावलं होतं, की पप्पा, ते लोक सोबर आहेत, तिथे मुंडी-वजडीचा विषय काढू नका. मी कशाला काढतोय? (माझ्याकडे दुसरा विषय नाही, हे त्या पोरीला ठाऊक आहे.)

आता आत्या, तूच सांग, माझं काय चुकलं? मी वाढलो कशावर? बाबांचा गिरणीतला पगार झाला की त्या रविवारी तू बोकडाच्या पोटाची वजडी आणायचीस, चुना लावून, कढत पाण्यात बुचकळून, सुरीने खरवडून पांढरीशुभ्र करायचीस आणि वाटप घालून अशी शिजवायचीस, की खाली कॅरम खेळणारे सोंगट्या टाकून आपल्या दारात चपला शोधायला यायचे. माझा हात मोडला तेव्हा महिनाभर पाया. गणितात गटांगळ्या खायला लागलो तेव्हा भेजा. (सहामाहीला भेजा, वार्षिकला भेजा. गणित आहे तिथेच राहिलं, भेजा मात्र अजून आवडतो.) शेगडीवर मुंडी भाजली जायची तेव्हा त्या वासाने मला अभ्यास सुचायचा नाही, आणि रक्ती-भाकरीच्या दिवशी तर मी शाळेतून पळत यायचो. सगळं जग हेच खातं असं मला कित्येक वर्षं वाटायचं.

मग चाळ पडली, टॉवर झाला, आणि आमच्या सौ. प्रितीने (बाई वाईट नाही गं, नाक फार तिखट आहे इतकंच) नव्या किचनमध्ये वजडी शिजणार नाही असं जाहीर केलं. तू पिशवी भरलीस आणि कुडाळची गाडी धरलीस. तेव्हापासून मी उपाशी आहे. परवाचा रविवार आषाढातला शेवटचा. पुढे श्रावण, लगेच गणपती, म्हणजे तोवर नुसती डाळ. पाहुणे संध्याकाळी यायचे होते, प्रिती फुलं आणि मिठाई आणायला दादरला गेली होती. मला राहवेना. वजडी आणली, बाथरूममध्ये बसून तुझ्यासारखी खरवडली (कंबर तिथे धरली), आणि निथळायला बाल्कनीतल्या दोरीवर दोन टॉवेलांच्या मधोमध टांगली. निथळली की आईस्क्रीमच्या डब्यात, डबा फ्रीजरमध्ये, असा बेत. तेवढ्यात बेल वाजली. दारात अण्णा, सिद्धांत, त्याचे आईवडील, आणि मागे मिठाई घेतलेली प्रिती. रस्ते रिकामे मिळाले म्हणे!

मी घामाघूम. प्रिती हसतमुखाने सांगू लागली की आमच्याकडे सगळं साधंच, क्वचित कधी बोनलेस चिकन. सिद्धांतची आई म्हणाली, आम्ही तर हल्ली सॅलडवरच असतो. मी म्हटलं, सूप उत्तम, दुधी भोपळ्याचं. (दुधी! माझ्या तोंडून! छताकडे बघून म्हटलं, बाबा तसबिरीतून बघत होते.) अण्णा तेवढे मिठाई चिवडत होते. मग ते तोंड धुवायला उठले. बेसिन बाल्कनीच्या दाराशीच. त्यांनी चष्मा काढला, तोंडावर पाणी मारलं, डोळे मिटूनच हात लांब केला आणि मधला टॉवेल ओढला.

आत्या, त्यांनी तोंड पुसलं. कपाळ पुसलं. मान पुसली. मग थांबले, हुंगलं, चष्मा लावला. आकांक्षा माझ्याकडे अशी बघत होती, की मला वाटलं पोरगी आजच घर सोडते.

"हितेंद्रराव," अण्णा म्हणाले, "हा वाळायचाय की शिजायचाय?" आणि मग, "चुना कमी पडलाय."

असे हसले, असे हसले, की कवळी हातात घ्यावी लागली. म्हणाले, मलाही या पोरांनी बजावूनच आणलंय, तिथे वजडीचं नाव काढू नका म्हणून! सिद्धांतच्या आईचा चेहरा बघण्यासारखा होता, प्रितीचा मी बघितला नाही. वजडी पुन्हा धुतली आणि सगळ्यांदेखत मी शिजवली. रबर झालं. गाडीत बसतानाही अण्णा पहिलाच घास चघळत होते.

सर्वांना नमस्कार सांग, गुडघ्याला तेल लाव.

तुझाच,
हितेंद्र

ता. क. अण्णांनी जाताना एक अट घातली. साखरपुड्याला वजडी हवी आणि ती आमच्या आत्याच्याच हातची. नाहीतर लग्न नाही. तेव्हा गणपती झाले की निघ, पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

दुसरा ता. क. गुडघ्याचं मी उगाच विचारलं नव्हतं. इथे लिफ्ट आहे.

तिसरा ता. क. आत्या, मी प्रिती. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलंय म्हणून लिहिते. अट वगैरे काही नाही, अण्णा तोंड पुसतानाच हो म्हणून गेलेत. खरं एवढंच, की ते रबर खाताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मिरचीवर ढकलून मोकळे झाले. तुम्ही गेल्यापासून घरात घास गोड लागत नाही, मलाही. या तुम्ही. वजडी करा, मी खिडक्या उघडून बसेन. तुमचा टॉवेल अजून तुमच्याच खुंटीला आहे. दोरीवरच्या टॉवेलाला आता कुणी तोंड पुसत नाही.