पंचमीची भरती

मोरा,
३ डिसेंबर २०१४

चि. काशिराम यास,
आशीर्वाद. मोठा भाऊ म्हणून द्यावा लागतो, मनातून निघत नाही.

माझा पाय प्लास्टरमध्ये, म्हणून बाबांच्या अस्थी तुझ्यावर सोपवल्या. तू भर बाराला पनवेलच्या खाडीवर गेलास आणि चिखलात ओतून आलास. अष्टमी होती. अष्टमीला सहाला भरती, बाराला पाणी पार गेलेलं असतं, हे कोळ्याच्या घरात सांगावं लागतं? आई म्हणाली, आता पानी नाय, तर तू तिला मोबाइल दाखवलास. पन्नास वर्षं समुद्रावर काढलेला माणूस, त्याच्या हाडांवरून आता खेकडे फिरताहेत.

भात किती शिट्या, ताप आला तर काय, सगळं तुम्ही त्या नेटला विचारता. उद्या सख्खा भाऊ कोण तेही विचारशील.

सौ. वसुंधरेस आशीर्वाद. लोभ होता तेवढा पुरे.
आनंदा


पनवेल,
११ डिसेंबर २०१४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चूक माझी. मोबाइलवर भरतीची वेळ बघताना यादीतलं पहिलं बंदर दाबलं, ते भलत्याच किनाऱ्यावरचं निघालं.

पण भरती मोजायला मला शिकवलं कोणी? तुला बाबांनी होडीत नेलं, मला दहाव्या वर्षी मावशीकडे शाळेला धाडलं. एका सुट्टीत मी तुला विचारलं, तर तू सगळ्या खलाशांसमोर हसलास, कोळ्याच्या पोराला एवढं येत नाही म्हणून. तेव्हापासून तुला काही विचारलं नाही. मोबाइल चुकतो, पण हसत नाही.

तू फोन बाळगत नाहीस, म्हणून हा कागद. लोभ मागत नाही.
काशिराम


मोरा,
५ डिसेंबर २०१५

चि. काशिराम यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वर्षभर आईच्या ट्रंकेत होतं, आज वाचलं. हसलो होतो, आठवतं. तुला अजून माफ केलेलं नाही.

बाबांचं वर्षश्राद्ध मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला आहे. जी तिथी असेल तितके पाऊण तास मोजायचे, जेवढे तास येतील तेवढ्या वाजता भरती. बाबांनी मला बोटांवर शिकवलं, तू कागदावर कर. पंचमीची किती, ते मी सांगणार नाही. मोबाइलला विचारायचं नाही.

आकडा आला की मोऱ्याच्या धक्क्यावर ये. होडीत बाबांची जागा रिकामी ठेवली आहे. पाणी उतरेपर्यंत थांबेन.

आणि चुकलास, तर हसणार नाही.
आनंदा