कवेलूपलीकडचा मोथा

बपेरा,
ता. ८ जुलै १९८४

माह्या वाडीत मशीन घालाले तुले कोणं सांगतलं होतं? मी पवनीले माह्या बहिणीच्या तेरवीले गेली, धुरपता संगं आली, आठ दिवस घराले कुलूप. तेवढ्यात तू वरठीहून येऊन घरामागची सारी वाडी पावर टिलरनं फिरवून गेला. झालं, आता आशीर्वाद घे.

चि. टेकचंदास, सौ. उषास व निर्मलास गोदावरीबाईचे अनेक आशीर्वाद. इकडे दोघी जिवंत आहोत.

परत आली तवा माती पिठासारखी. शेजारची विमलाबाई म्हणे, लेकानं दोन घंट्यात तुमचं पंधरा दिवसाचं काम करून ठेवलं. अर्धा दिवस मलेबी बरं वाटलं, खोटं काहून बोलू. धुरपतानं वांगी, भेंडी, बरबटी लावली. पाणी पडलं अन् दहाव्या दिवशी साऱ्या वाडीत मोथ्याचं तण उभं झालं, सुया टोचल्यावानी.

विहिरीजवळच्या कोपऱ्यात मोथा होता. आम्ही छपरावरचे जुने कवेलू जमिनीत उभे गाडून त्याले तिथंच कोंडला होता. चार वर्षं धुरपतानं त्याच्या मुळाची एक गाठ अलीकडे येऊ देली नाही. कुदळीनं खणलं तर गाठ पुरी निघते, हातानं वेचून जाळता येते. तुह्या मशीनच्या पात्यानं कवेलू फोडले, एकेका गाठीचे चार तुकडे केले अन् या टोकापासून त्या टोकापर्यंत पेरून देले. जेवढे तुकडे तेवढी झाडं.

नवऱ्यानं हाकललेली तुही बहीण धुरपता या वाडीवर जगते. सिहोऱ्याच्या बाजारात तिचं टोपलं जाते म्हणून ती कोणाच्या दारात उभी नाही राहत, भावाच्याबी नाही. यंदा टोपल्यात काय नेईल? मोथा?

लोभ आहे तेवढाच राहू दे. वाढवण्यासारखं तू काही केलं नाही.

तुही आई


वरठी,
ता. १७ जुलै १९८४

ती. आईस टेकचंदचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोहोचलं. पोस्टमननं हातात दिलं तेव्हा चटकाच बसला. उषा म्हणाली, सासूबाईंची तब्येत ठणठणीत दिसते.

आई, मी वर्षातून चार दिवस गावाला येतो. मोथा कुठे आहे, कुठे नाही, मला काय ठाऊक? तुम्ही दोघी बाया कुदळ मारून मारून कमरेतून वाकल्या, म्हटलं आपण काही करावं. परसराम मशीनवाला आमच्या वरठीचाच, त्याला संगं घेऊन आलो. चूक झाली, मान्य. पुढल्या वर्षी पुन्हा मशीन फिरवून देतो.

आता एक बोलतो, रागावू नको. मागच्या महिन्यात तुमसरला भैय्यालालजी भेटले. दारू सोडली म्हणतात. धुरपताला परत न्यायला तयार आहेत. आपल्या निर्मलाला दोन ठिकाणं सांगून आली आणि दोन्हीकडच्यांनी पहिलं हेच विचारलं, की मुलीची आत्या माहेरी काहून बसली आहे. लोकांचं तोंड कसं धरावं? इतके दिवस धुरपताची वाडी होती म्हणून मी गप्प होतो. आता वाडीच गेली तर तिनं बसून काय करावं? तिचं घर आहे, तिनं जावं. तुला वरठीला घेऊन येतो, इथं नळ आहे, लाईट आहे.

विचार करून कळव. धुरपताला आशीर्वाद. तुझी माया पाठीशी असू दे.

तुझा
टेकचंद


बपेरा,
ता. २९ जुलै १९८४

चि. टेकचंदास,

तुह्यं पत्र तीनदा वाचलं. चौथी शिकलेली बाई हळू वाचते, म्हणून तिले जास्त दिसते.

काल परसराम आपलं मशीन घेऊन विमलाबाईच्या धानाच्या बांधीत चिखलणी कराले आला होता. मी त्याले शिव्या द्याले वाडीत बोलावलं. मोथा पाहून त्यानं मान खाली घातली. म्हणे, बाई, मी भाऊले सांगतलं होतं, कवेलूच्या पलीकडे मोथा आहे, तिथं पातं घालू नका, सारी वाडी खराब होईल. दोनदा सांगतलं. भाऊ म्हणाले, तिथूनच सुरू कर.

तिथूनच सुरू कर.

अन् मले लिहिते, मोथा मले काय ठाऊक. सात वर्षाचा होता तवा याच वाडीत माह्यामागं मोथा वेचत होता तू.

धुरपता तिथंच उभी होती. तिनं सारं ऐकलं. परसरामले चहा करून पाजला अन् कुदळ घेऊन कोपऱ्यात बसली. तिचा डावा हात मनगटातून फिरत नाही. तुह्या भैय्यालालजीनं दाराच्या फटीत धरून दाबला होता. तुले नव्यानं काय सांगू, दवाखान्यात तूच घेऊन गेला होता, डॉक्टरले पडली म्हणून तूच सांगतलं होतं. त्या हातानं ती ढेकूळ धरते, दुसऱ्या हातानं गाठी वेचते. दिवसभरात खाटेएवढी जागा साफ होते. यंदाचा बाजार गेला, पुढल्या वर्षाचाबी गेला समज. आम्ही पेज पिऊ. ती कुठं जात नाही अन् मीबी तुह्या नळाखाली येत नाही. भैय्यालाल न्याले आला तर घरात दोन कुदळी आहेत.

वाडी माह्या नावावर आहे. सोमवारी तुमसरले जाऊन ती धुरपताच्या नावानं करून देईन. विमलाबाई संगं येते, साक्षीले. तुले मशीन फिरवाची हौस आली तर आता तिले विचारजो.

निर्मलासाठी केलं म्हणते न? पोरीचं नाव घेऊन केलं, तर पोरीले ठाऊक पाहिजे. हे पत्र तिच्या हातात दे. तू वाचून दाखवू नको, मधलं मधलं गाळशील. आत्याचं घर मोडून आपलं लग्न जमवाचं आहे का, एवढंच तिनं लिहावं, हो का नाही. तिचं अक्षर मी ओळखते.

तुह्यासाठी आशीर्वाद यावेळी लिहिला नाही, सुचला तर पाठवीन.

उत्तर तू लिहू नको, उषानंबी नाही. निर्मलानं लिहावं, अन् ते मले नाही, धुरपताले.

गोदावरीबाई