बाजूने एक

ता. ४ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

फोनवर आपण तिघंही नुसतं हं हं करतो आणि मग कुणीतरी ठेवून देतं, म्हणून पत्र लिहायला बसलो. इकडे सगळं ठीक आहे. जेवण होतं, झोपही लागते. धाकट्याला जाऊन आता वर्ष होईल. तुझा एकुलता एक भाऊ, माझ्याच अग्निशमन खात्यातला जवान, आणि मला काहीच कसं वाटत नाही याचंच नवल वाटतं. ड्यूटीवर जातो, हजेरी घेतो, घरी येतो.

बातमी अशी की इमारतींच्या नमुना नियमावलीच्या समितीत माझं कलम अखेर मतदानाला येतंय. प्रत्येक फ्लॅटचं पुढचं दार आपोआप बंद झालं पाहिजे, एवढंच ते कलम. त्या दिवशी आग लागलेल्या फ्लॅटमधली माणसं जीव घेऊन पळाली, दार उघडं राहिलं आणि सगळा धूर जिन्यात भरला. धाकटा जिन्यातच होता. पळणाऱ्याने दार लावायला थांबावं असं मी कुणालाच म्हणणार नाही. दारानेच लागावं.

या नियमावलीला कायद्याचा जोर नाही, पण गावोगावच्या नगरपालिका तीच उचलतात, हे तुला सांगायला नको. आणि ती लिहिली जाते तेव्हा आम्हा अग्निशमनवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या. रजा नाही, प्रवासखर्च मंजूर नाही, मागे गाडीवर कोण जाणार? मग बिल्डरांची माणसं लिहितात आणि आम्ही इमारत जळाल्यावर नावं ठेवतो. तहान लागल्यावर विहीर खणायची आमची जुनी खोड. यंदा मात्र मी फोन करकरून सगळ्यांचे कान किटवलेत. समितीतले आमचे एकूण एक अधिकारी येणार आहेत. निसटतं का होईना, कलम पास होईल.

जूनमध्ये मी निवृत्त होतोय. नियमावली पुन्हा उघडेल ती तीन वर्षांनी, तेव्हा मला मत नसेल.

तुझ्या बांधकाम कंपनीने तुला त्याच समितीवर बसवलंय, हे माहीत आहे. त्याबद्दल मी काही विचारत नाही.

आपल्या दाराला मी ते आपोआप लावणारा क्लोजर बसवलाय. तुझी आई म्हणते, दार अंगावर येतं, म्हणून कुंडी लावून ते उघडं ठेवते. संध्याकाळी मी कुंडी बाजूला सारतो, सकाळी ती परत जागेवर. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

जीवाला जप. माया आहे तशी असू दे.

तुझा,
बाबा


ता. ११ मार्च

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि अगदी गोडीत सांगितलं की कंपनी कलमाच्या विरोधात आहे, आणि समितीत माझा हात म्हणजे कंपनीचा हात. लोक दाराला वीट लावतात, मग हा खर्च कशाला, असं त्यांचं म्हणणं. मला आईची कुंडी आठवली. भाऊ कसा गेला हे त्यांना ठाऊक आहे. म्हणाले, भावना घरी ठेवून ये. असत्या तर ठेवल्या असत्या, बाबा. मी रोज जिन्यांचेच नकाशे काढते. पायरी, कठडा, वळण, सगळं नीट येतं आणि हात जरासुद्धा थरथरत नाही. मला त्याचीच भीती वाटते.

परवा काम करताना तुमची आगीच्या सरावाची पितळी घंटा आठवली. जेवताना, अभ्यासाला बसलेलो असताना, तुम्ही कधीही वाजवायचात आणि आम्ही असू तसे फाटकाबाहेर. धाकटा एकदा डोक्याला साबण आणि कमरेला टॉवेल अशा अवतारात रस्त्यावर आला होता, समोरच्या काकूंची हसून पुरेवाट झाली. खरी की खोटी विचारायचं नाही, मागे वळून काही घ्यायचं नाही. घंटा वाजली की उठायचं, बाकी सगळं नंतर. मी एकदा चित्राची वही घ्यायला थांबले, तर तुम्ही दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलला नव्हतात.

बैठकीत मी पलीकडच्या रांगेत असेन. ओळख दाखवली नाही तर मनावर घेऊ नका. हाताचं काय करीन, ते अजून मलाच कळलेलं नाही.

आईला नमस्कार. आठवण काढत राहा.

तुमची,
ताई


ता. २९ मार्च

चि. ताईस,
अ. उ. आ.

झालं ते तू आतून पाहिलंस, मी बाहेरून. तू खिडकीकडच्या रांगेत बसलेली दिसलीस. मी मान फिरवली, तूही फिरवलीस. आमचं कलम पुकारणार तोच इमारतीची आगीची घंटा वाजली. आम्ही सगळे एकदम उठलो. कुणी कुणाकडे पाहिलंसुद्धा नाही. एकाने लिफ्ट अडवली, दोघे वरच्या मजल्यांवर गेले, मी जिन्याशी राहून लोकांना खाली काढू लागलो. तुमच्या सभागृहातून मात्र कुणी हललं नाही. मी दारात येऊन दोनदा हाक मारली. अध्यक्ष हसून म्हणाले की ही घंटा इथे ऊठसूट वाजते, तुम्ही जाऊन या. मग मी खाली गेलो आणि फाटकाशी माणसं मोजत उभा राहिलो.

शेवटी निघाला कँटीनमधला जळका पाव.

वर आलो तोवर निकाल लागला होता. गणसंख्या पुरेशी होती, अध्यक्षांना उशीर होत होता, त्यांनी विषय उरकून घेतला. आम्ही आक्षेप घेतला, तो नोंदवला, आणि ते तेवढ्यावरच राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा अख्खी फौज जमवली आणि तिचा पाडाव केला पावाच्या तुकड्याने! हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणायचं. नदीपलीकडच्या केंद्राचा अधिकारी परतताना म्हणाला की आपण बसून राहायला हवं होतं. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मी गाडीत झोपलो.

निकालाच्या कागदावर लिहिलंय, विरोधात उपस्थित बाकी सर्व, बाजूने एक. तो एक कोण, ते कुणी सांगेना. आमचे तर सगळे बाहेर होते.

तुझ्या आईची कुंडी आहे तिथेच आहे. पत्र टाकत जा, इकडे वाट पाहतात.

तुझा,
बाबा


ता. ५ एप्रिल

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तो एक मी होते.

घंटा वाजली तेव्हा मी अर्धी उठले होते. शेजारचे हसले. तुम्ही दारातून हाक मारलीत, आणि माझ्या लक्षात आलं की मीही गेले तर कलमाच्या बाजूने खोलीत कुणीच उरणार नाही. मी खुर्चीचे हात धरून बसले. आग खरी असेल का, असं मनात आलं. आणि असली तरी चालेल, असंही आलं. वर्षभरात मला पहिल्यांदा काही वाटलं असेल, तर ते हे.

अध्यक्षांनी बाजूने कोण विचारलं, मी हात वर केला. शेजारी येऊन बसलेल्या साहेबांना वाटलं माझी चूक झाली, त्यांनी कोपर धरून तो खाली ओढला. मग मी दुसरा वर केला.

तुम्ही नंतर आवारात दिसलात, पण साहेबांनी मला घाईने गाडीत बसवलं, म्हणून भेटले नाही. समितीवरून मला काढलंय. नोकरी अजून आहे, टेबल तेवढं झेरॉक्सच्या मशीनशेजारी गेलंय. एका हाताने काही झालं नाही, मला कळतं. पण धाकट्याच्या बाजूने तिथे कुणीतरी बसलं होतं, हे तुम्हाला कळावं. आईलाही सांगा. जमलं तर एकदा शाबास म्हणा.

लोभ कमी करू नका.

तुमची,
ताई


ता. १२ एप्रिल

चि. ताईस,
अ. उ. आ.

पत्र तुझ्या आईला वाचून दाखवलं. दुसरा हात वर केलास तिथे ती हसली. उठली, कुंडी उचलून गॅलरीत ठेवून आली. दार आपलं आपण लागलं.

मी शाबास म्हणणार नाही. कलम पडलं तर पडलं. मला मत नसेल, पण नदीपलीकडच्या अधिकाऱ्याची नोकरी अजून बरीच आहे, त्याला मी आत्तापासूनच तयार करतोय. त्याला तुझा फोन नंबर दिलाय, जिन्यांचं त्याला समजावून सांग. नियम दहादा मांडता येतो.

त्या दारातून मी हाका मारल्या त्या अध्यक्षांना नव्हत्या. तू आली नाहीस. नोकरीपायी बसली असशील असं समजून मी खाली गेलो. फाटकाशी माणसं मोजली, त्यात तू नव्हतीस. माझं मूल आत आणि मी बाहेर उभा, असं मी आधी एकदा मोजलेलं आहे. परत आल्यावर तुला लिहिलं की काही वाटलं नाही. ते खोटं होतं. हे लिहिताना हात थरथरतोय, अक्षर समजून घे.

माया आहेच, ती कुठे जात नाही. पण घंटा वाजली की ऊठ, ताई. बाकी सगळं नंतर.

तुझा,
बाबा