धरणाखालचा नाला

शुगर लँड, शुक्रवार, १५ जुलै २००५

शिरीष माँटॅनाहून मासेमारी करून परतला, आत्ता त्याचा फोन होता. जाण्याआधी पॉटलकच्या जेवणाला सगळ्यांसमोर, मी गळ टाकतो त्या माझ्या नदीला ‘धरणाखालचा नाला’ म्हणाला होता, तो हाच. नाला! टेक्सासच्या या उन्हातही धरणाच्या तळाचं पाणी इतकं गार येतं की पाय बधिर होतात, म्हणून तर थंड पाण्यातले ट्राउट मासे टिकतात तिथे. मी हे सांगत होतो, तर सगळे हसले. बायकोसुद्धा.

आणि आज म्हणतो, “तिकडे नुसती जत्रा रे. गळाची फ्लाय, ती नकली माशी, फेकली की शेजाऱ्याच्या टोपीत अडकते. एक मासा नाही लागला. उद्या तुझ्या स्पॉटवर ने ना यार.”

आता स्पॉट! नाला कुठे गेला?

“मी पहाटेच निघतोय, तू आरामात बारापर्यंत पोच,” म्हणालो.

धरणाचा रेकॉर्डेड मेसेज मी आधीच ऐकला होता. उद्या साडेअकराला पाणी सोडणार. मग नदीत पाऊलही टाकता येत नाही. सांगायला हवं होतं का? तीन तास ड्राइव्ह करून येईल बिचारा.

येऊ दे. तोवर मी मासे धरून, सोडून, काठावर डबा उघडून बसलेला असेन. म्हणेन, “ये शिरीष, बघ तुझा नाला कसा दुथडी भरून वाहतोय.”