त्या सुईनंच गेले का?

मिरजगाव, मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज सुमनकाकूंनी शेवटी विचारलंच. कोरोनात मी आशाताई म्हणून घरोघरी फिरून लोकांना लशीसाठी तयार करत होते. काकूंचे मालक, ज्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणायचो, सुईला घाबरायचे. मीच त्यांचा हात धरून आरोग्य केंद्रावर नेलं. दोन वर्षांनी ते शेतात कोसळले आणि गेले. तेव्हापासून काकूंनी माझ्याशी बोलणंच टाकलं.

आज दारात येऊन उभ्या. "खरं सांग पोरी, त्या सुईनंच गेले का गं? मोबाईलवर समदे तेच म्हनत्यात."

पटकन 'नाही' म्हणणार होते. पण त्यांना आत बसवलं आणि मला माहीत होतं तेवढंच सांगितलं. लशीचा गंभीर त्रास क्वचित कुणाला झाला, हे खरं. पण तो बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच दिसला. दोन वर्षांनी नाही.

काकू म्हणाल्या, "छातीत दुखतंय म्हनत हुते. जायच्या आधी आठ दिस. मीच म्हनलं, पित्त असंल."

म्हणजे सुईवरचा राग हा होता तर. सुई नसेल तर मग दोष आपलाच, असं वाटत होतं त्यांना. आणि मला? मलाही तो धरलेला हात आठवून झोप लागायची नाही. हे मी आज पहिल्यांदा कुणाला सांगितलं.

"तुझी काय चूक गं," काकू म्हणाल्या.

"मग तुमची तरी काय, काकू?"

दोघी रडलो. मग त्या डोळे पुसत उठल्या आणि माझ्याच घरात मला बसवून त्यांनी चहा ठेवला.