घाटावरची दगडी छत्री

वैजनाथा,

तुझ्या आईचा आशीर्वाद. नांदेडात मी खुशाल हाय, मृण्मयीचा क्लास बी नीट चाललाय. काळजी करू नकोस.

इथं गोदावरीचा घाट नवा करून राहिलेत. तुझी लेक रोज तिथंच अभ्यासाला बसते. सावलीसाठी बारीक खांबांवर भलीमोठी दगडी छत्री उभारलीय. भूकंपात तुझा बाप जड मातीच्या माळवदाखाली कसा गेला, ते मी इंजिनेराला सांगितलं. म्हटलं, "खांब जाड कर, वरचं ओझं हलकं कर."

तो हसला. "आजी, शोभा जाईल."

"मेल्या, दगडाची छत्री मिटली म्हंजे?"

तवापासून पोरीला उन्हातच बसवते. काळी पडली तर माझ्यावर ओरडू नकोस.

तुम्ही अजून अंगणातच झोपता न्हवं? लोक हसले तर हसू द्या.

तुझी आई